शंभरात नऊ

दिउके वीर्दा काय काम करते हे तिच्या नात्यागोत्यात कुणालाच धड माहीत नव्हतं. वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडून सगळे कॉफी नि केकचा एकेक तुकडा घेऊन बसले की कुणीतरी विचारायचंच. ती म्हणायची, "साखर मोजते." की लगेच कुणाच्या तरी मधुमेहाचं पुराण सुरू. बावीस वर्षं हेच चाललं होतं. शेवटी तिनं समजावून सांगायचा नादच सोडला.

खरं तर समजायला फार अवघड नाही. रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. आकार साधारण बेचकीसारखा. बेचकीच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी साखरेची एकेक इवलीशी फांदी लटकलेली असते, आठ-दहा मण्यांची. लोकांना वाटतं, शोभेला असेल. शोभेला कसली? त्या फांदीवर कुठला मणी आहे आणि कुठला गळालाय, त्यावर त्या प्रतिपिंडाचा स्वभाव ठरतो. फांदीच्या बुडाशी फ्युकोज नावाचा एक मणी असतो. तो असला की प्रतिपिंड जरा सबुरीनं वागतं. तो नसला की मारेकरी पेशी त्याला घट्ट धरतात आणि समोर जे असेल त्याचा फडशा पाडतात. तुमच्याआमच्या रक्तात शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रतिपिंडांवर हा मणी असतो. म्हणून आपण बरे आहोत.

आता काही गरोदर बायकांचं काय होतं, तर बाळाच्या प्लेटलेटवर बापाकडून आलेली एक खूण असते आणि आईच्या प्लेटलेटवर ती नसते. आईचं रक्त त्या खुणेला परकं समजतं, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाच्या प्लेटलेट संपवतात. प्लेटलेट संपल्या की रक्त गोठत नाही. बहुतेक बाळांना काहीही होत नाही. काहींच्या अंगावर निळे डाग येतात आणि जातात. थोड्यांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, तोही आईच्या पोटात असतानाच.

हॉलंडमधल्या लायडनच्या ज्या प्रयोगशाळेत दिउके होती तिथे तीन वर्षं याचाच अभ्यास चालला होता. ज्यांचं रक्त ऱ्हिसस निगेटिव्ह, अशा गरोदर बायकांचं सत्ताविसाव्या आठवड्यात रक्त काढतातच. त्यातलं उरलेलं, बायकांच्या सहीनिशी, इकडे यायचं. कुणाच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत ते इथे कळायचं आणि इथेच राहायचं. बाईला सांगायचं नाही, तिच्या सुइणीला नाही, डॉक्टरला नाही. बाळंतपण होईपर्यंत तोंडाला कुलूप. नळीवर नुसता नंबर.

ऐकायला क्रूर वाटतं, मान्य. पण शंभरजणींना सांगितलं असतं तर शंभरजणी हादरल्या असत्या, दर आठवड्याला औषधाचं सलाइन लावून घेत बसल्या असत्या, दिवस भरायच्या आधी पोट कापून घेतलं असतं, आणि त्यातल्या नव्वदांहून जास्त जणींच्या बाळांना मुळात काही होणारच नव्हतं. कुणाच्या बाळाला होणार, ते आधी ओळखायचं कसं? विभागप्रमुख रूलॉफ बाकेमा आणि दिउके या दोघांचा अंदाज होता की उत्तर फ्युकोजमध्ये आहे. अंदाज खरा ठरवायचा तर मोजायचं आणि गप्प बसून बघायचं, दुसरा मार्ग नव्हता. नीतिसमितीपुढे ही बाजू मांडायला दिउके स्वतः गेली होती. समितीतल्या एका वयस्कर पाद्रीबाईंनी विचारलं होतं, "गप्प बसणं जमेल तुम्हाला?"

"आम्हाला नंबर दिसतात," दिउके म्हणाली होती. "बायका दिसत नाहीत."

तेव्हा ते खरंही होतं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी तिच्या मुलीचा फोन आला. रेन्स्के तिकडे उत्तरेला, स्नेकमध्ये राहायची, पहिलटकरीण, सत्ताविसावा आठवडा. "आई, आज माझं रक्त घेतलं. तुझ्याकडे येतंय. नीट वाग त्याच्याशी."

"मला कुठलं कळतंय तुझं कोणतं ते," दिउके म्हणाली.

"तेही खरं. जावयाची चौकशी कर की. सुई बघून चक्कर आली त्याला. सुईण म्हणाली, याला आधी झोपवा."

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी स्नेकची पिशवी आली. कुठून आली आणि वाटेत किती गार राहिली ते नोंदवायचं काम दिउकेचंच. पिशवीत दोनच नळ्या होत्या. ४४१६ आणि ४४१७.

मंगळवारी दुपारी यंत्रानं आकडे दिले. ४४१६ मध्ये प्रतिपिंडं नव्हती. ४४१७ मध्ये होती, आणि त्यांच्यावरचा फ्युकोज होता शंभरात नऊ.

दिउकेनं चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. तीन वर्षांत इतका खाली आलेला आकडा तिनं एकदाच पाहिला होता. तिनं तेच रक्त पहिल्यापासून पुन्हा लावलं. आठ पूर्णांक सात.

तिच्या स्वतःच्या प्लेटलेटवर ती खूण नव्हती, हे तिला माहीत होतं. तशा बायका शंभरात दोन. मुलीनं कधी तपासून घेतलं नव्हतं. आईनं सुचवलं तेव्हा म्हणाली होती, "मला तुझ्या यंत्रात घालू नकोस गं." आता दोन नळ्यांमधली एक तिची होती आणि कुठली ते विचारायची सोय नव्हती. विचारलं म्हणजे सांगितल्यासारखंच.

ती उठली आणि रूलॉफच्या खोलीत गेली. रूलॉफ साठीला आलेला, उंच, वाकलेला माणूस. टेबलावर खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा डबा. डबा तिच्यापुढे सरकवत म्हणाला, "काय गं, यंत्र बंद पडलं?"

"४४१७. नऊ."

"नऊ काय?"

"फ्युकोज. दोनदा केलं."

रूलॉफनं तोंडातली गोळी गालात ठेवली. "बाप रे. बरं. आपला सगळ्यात टोकाचा ठिपका म्हणायचा."

"रूलॉफ, हिला सांगायला हवं."

तो तिच्याकडे बघत राहिला. बावीस वर्षांत हे वाक्य या बाईच्या तोंडून त्यानं ऐकलं नव्हतं. उलट कुणी कच्चा डॉक्टर असं काही बोलला तर हीच त्याची खरडपट्टी काढायची.

"दिउके, नियम तू लिहिलास. शेवटचा परिच्छेद तर शब्दन् शब्द तुझा."

"माहितेय मला कुणी लिहिला ते. बाळ वाचलं तर नियमाला काय ताप येणारे का?"

"आणि १२०६? तिचा दहा होता. त्या बाळाला मांडीवर दोन निळे डाग, बास. आता घरभर धावतंय ते."

"एका बाळावरून काय सांगतोस?"

"मग तू एका आकड्यावरून काय सांगतेस?"

खिडकीबाहेर सायकली लावायच्या जागेवर कुणीतरी आडवी पडलेली रांग उभी करत होतं. रूलॉफ वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगते, नाहीतर सगळं त्याच्या माथी मारून मोकळं व्हायचा मोह होतो.

"ऐक," तो म्हणाला. "गुरुवारी उट्रेख्टला सुरक्षा समिती बसतेय. बाहेरचे तिघं आहेत. त्यांना नंबर उघडायचा अधिकार आहे. पण माझ्या सांगण्यानं ते उघडणार नाहीत. तुझ्या सहीचं पत्र दे. त्यात लिही की हा आकडा एकटा पुरेसा आहे, बाकी काही बघायची गरज नाही. या विषयात तुझ्या सहीपुढे कुणी बोलणार नाही. पण लिहिलंस की ते लिहिलंस. उद्या त्याच अंदाजाचा पुरावा म्हणून हेच आकडे मांडायचे असतील तर लोक विचारतील, आधीच माहीत होतं तर अभ्यास कशाला केलात?"

"देते."

"विचार कर."

"केला."

तिनं पत्र त्याच दुपारी लिहिलं. एक पान. चांगलं पत्र होतं ते. फ्युकोज इतका खाली असेल तर प्रतिपिंडाची पकड किती पटीनं वाढते, बाळाच्या मेंदूला धोका कधी सुरू होतो, उपचार सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुरू झाले तर काय मिळतं, सगळं सरळ शब्दांत. शेवटी: माझ्या मते हा आकडा एकटा पुरेसा आहे. रेन्स्केचं नाव कुठेही नव्हतं. रूलॉफलाही तिनं ते सांगितलं नव्हतं. आपण हे कुठल्याही बाईसाठी करतोय असं ती मनाशी घोकत होती, आणि घोकून घोकून तिला ते पटलंही होतं.

बुधवारी सकाळी पत्र पाकिटात होतं, पाकीट खणात होतं. आणि मग तिनं ते केलं.

त्याचं असं आहे. यंत्र दोन आलेख काढतं. एक फक्त त्या दुष्ट प्रतिपिंडांचा आणि दुसरा त्याच बाईच्या रक्तातल्या बाकी सगळ्या प्रतिपिंडांचा, तुलनेसाठी. हा दुसरा आलेख माणसामाणसाचा वेगळा असतो आणि वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. चेहरा ओळखावा तसा या कामातली मुरलेली माणसं तो ओळखतात. म्हणूनच तो तसा बघायचा नाही, असा अलिखित दंडक. मंगळवारी तिनं तो उघडला नव्हता. दंडकाचं कारण होतंच, पण भीतीही होती.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी यंत्र ठीक चाललंय ना हे बघायला एक ओळखीचं रक्त बरोबर लावतात. प्रयोगशाळेतल्याच कुणाचं तरी. त्याला सगळे 'घरचं रक्त' म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी रेन्स्केनं सुट्टीत इथे महिनाभर काम केलं होतं, तेव्हा तिनं बाटलीभर दिलं होतं. ते दोन वर्षं पुरलं. आपल्या लेकीच्या साखरेचा आलेख दिउकेनं शेकडो वेळा पाहिला होता. आणि त्या आलेखात एक खास गोष्ट होती. साखरेच्या फांदीला पुढे दोन फाटे फुटतात. त्या फाट्यांच्या मधोमध कधी कधी एक जास्तीचा मणी अडकलेला असतो, खुंटीसारखा. बहुतेकांमध्ये शंभरातल्या दहा-बारा फांद्यांवर ही खुंटी असते. दिउकेच्या रक्तात सव्वीस. रेन्स्केच्या रक्तात चोवीस. प्रयोगशाळेत थट्टा चालायची, नाक बापाचं आणि खुंटी वीर्दांची. गरोदरपणात फांदीच्या टोकाचे मणी वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे टोकावरून ओळखायला जाल तर फसाल. पण खुंटी चोवीसवरून फार हलत नाही.

तिनं दार लावलं. ४४१७ चा दुसरा आलेख उघडला आणि सरळ खुंटीवर गेली.

अकरा.

तिनं शेजारी ४४१६ उघडला. तेवीस. टोकाचे मणी वाढलेले, बाकी सगळं ओळखीचं. प्रतिपिंडं नसलेली नळी तिच्या लेकीची होती.

दिउकेचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत मागे टेकली आणि थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं. मग बाहेर सगळ्यांच्यात जाऊन डबा उघडला, चीज लावलेली ब्राउन ब्रेड खाल्ली, वर पेलाभर ताक प्यायली. इतकी भूक तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती. खाताना ती गुणगुणत होती, असं पलीकडच्या टेबलावरच्या मार्लूसनं नंतर सांगितलं. "काय गं, लॉटरी लागली?" मार्लूसनं विचारलंही होतं.

"तसंच समज," दिउके म्हणाली.

दुपारी तिनं पाकीट काढून पत्र वाचलं. कालचंच पत्र, त्यातली एक ओळही बदललेली नव्हती. पण काल जे पुरेसं वाटत होतं ते आज तिला अपुरं वाटायला लागलं. एकच आकडा. १२०६ तर ठणठणीत. आणि हे समितीत गेलं तर तीन वर्षांची मेहनत, साडेचार हजार बायकांचं रक्त, सगळ्यावर शंका येणार. पुढे हजारो बाळांना ज्याचा उपयोग ते एका बाईपायी नासवायचं का? आणि त्या बाईला उगाच सलाइन, उगाच ऑपरेशन. बाळ ठीक असलं तर तिचे हाल आपल्यामुळेच की. एकाहून एक कारणं येत होती आणि मुख्य म्हणजे सगळी बरोबर होती. काल रूलॉफनं हीच मांडली तेव्हा तिनं त्याला उडवून लावलं होतं.

त्या बाईचा चेहरा तिनं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्नही केला, खोटं कशाला बोला. आला नाही. चार आकडे आले. तिनं पत्राचे आडवे दोन तुकडे केले, मग उभे, आणि ते कचऱ्यात न टाकता पिशवीत घालून घरी नेले.

गुरुवारी रूलॉफ गाडीची वेळ बघत दारात उभा राहिला. "पत्र?"

"नाही देत," दिउके म्हणाली. "एकाच आकड्यावर सही नाही करवत."

त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. "शहाणपणाचं केलंस," तो म्हणाला. "मलाही रात्रभर तेच वाटत होतं." आणि स्वतः जाऊन त्यानं तिच्यासाठी यंत्रातली कॉफी आणली. असं तो वर्षातून एखादवेळी करायचा.

पुढचे दोन महिने दिउकेला झोप छान लागत होती. हे सांगायलाच हवं, कारण नंतर लोक असं धरून चालतात की तिचं मन तिला खात असेल. नव्हतं खात. डिसेंबरात तिनं नातवंडासाठी पिवळा स्वेटर विणला, नाताळला स्नेकला जाऊन आली, लेकीच्या पोटावर हात ठेवून लाथा मोजल्या. ४४१७ ची आठवण एकदा-दोनदा आली, पण नुसती कामाची म्हणून.

जानेवारीच्या शेवटी बाळंतपणांचे कागद आले. ज्या बाळंत झाल्या त्यांचे नंबर उघडायचे आणि बाळाचं काय झालं ते आकड्यापुढे मांडायचं, हे काम मार्लूसचं. मार्लूस वाचत होती, दिउके लिहून घेत होती. ठीक. ठीक. निळे डाग, ठीक. ठीक.

"४४१७," मार्लूस म्हणाली आणि थांबली.

"बोल."

"छत्तिसावा आठवडा. मुलगा. मेंदूत मोठा रक्तस्राव, पोटात असतानाच झालेला, त्यांच्या अंदाजानं तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमारास. चौथ्या दिवशी गेला."

दिउकेनं लिहिलं. तेहतीसमधून सत्तावीस गेले, सहा. सहा आठवडे हातात होते.

मार्लूसनं ठिपका आलेखावर मांडला. तो खाली कोपऱ्यात जाऊन बसला, बाकी सगळ्या ठिपक्यांनी जी रेघ सुचवली होती बरोबर तिच्यावर. "अगं, बसला," ती म्हणाली. "दिउके, बघ, सिद्ध होतंय." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती लाल झाली. तीस वर्षांची पोर, तिची काय चूक. दिउके उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ थंड पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिली.

रूलॉफनं कागद वाचला, दार लावून घेतलं, तिच्यासमोर बसला. "आपण नियमानं वागलो," तो म्हणाला. "दोघंही."

"तू वागलास," दिउके म्हणाली.

त्यानं गोळ्यांचा डबा पुढे केला. तिला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की तिनं डबा परत त्याच्याकडे ढकलला. कारण तो दयाळूपणे बोलत होता, आणि खरी गोष्ट त्याला माहीत नव्हती.

फेब्रुवारीत रेन्स्के बाळंत झाली. मुलगी, साडेतीन किलो, धडधाकट. पाचव्या दिवशी दिउके स्नेकला गेली. दारातच योरितनं, म्हणजे जावयानं, मुलगी झाली की देतात तसं टोस्टवर लोणी नि गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या घालून बशी हातात दिली, तिच्या गालाचे तीन मुके घेतले आणि "मी जरा दुकानात जाऊन येतो" म्हणून पळाला. बाळंतिणीची देखभाल करायला आलेली बाई खाली कपडे वाळत घालत होती. वर खोलीत रेन्स्के उशांना टेकून बसली होती. तिनं बाळ आईच्या मांडीवर दिलं. दिउकेनं त्या चिमुकल्या टाळूला ओठ टेकवले आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना धार लागली.

"आई," रेन्स्के म्हणाली, "एक विचारू? आधी डोळे पूस."

"विचार."

"त्या दिवशी सुइणीकडे रक्त द्यायला आम्ही दोघीच होतो. मी आणि आफ्के. माझ्या व्यायामाच्या वर्गातली गं. तिची बस होती म्हणून मी तिला पुढे जाऊ दिलं, पण योरितनं तेवढ्यात तमाशा केला म्हणून शेवटी माझंच आधी घेतलं. तिचं बाळ गेलं जानेवारीत. तुला मुद्दाम नाही सांगितलं. माझंच पोट एवढं, तोंडातून शब्द निघेना. परवा तिला पत्र आलंय. तुमच्या अभ्यासाकडून. की तिच्या रक्तात ती प्रतिपिंडं होती, सत्ताविसाव्या आठवड्यातच होती."

"हो," दिउके म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"नंबर माहीत होता."

इथे ती थांबू शकली असती. नियम तिच्या बाजूचा होता आणि तो तिनंच लिहिला होता. लेकीनं थोडा त्रागा केला असता आणि विषय मिटला असता. पण मांडीवरचं बाळ झोपेत ओठ हलवत होतं, आणि दिउकेला आता गप्प बसणं जमेना. तिनं सगळं सांगितलं. दोन नळ्या, नऊ, पत्र. खुंटी. ब्राउन ब्रेड. पत्राचे चार तुकडे. काहीही गाळलं नाही.

रेन्स्के ऐकत होती.

"म्हणजे माझी नळी असती तर पत्र गेलं असतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तिची होती म्हणून नाही गेलं."

"हो."

"बाळ दे इकडे."

दिउकेनं दिलं. रेन्स्केनं मुलीला छातीशी घेतलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "पलीकडच्या रस्त्याला, बेकरीसमोर. अख्ख्या रस्त्यात पडदे ओढलेलं एकच घर आहे, चुकणार नाहीस. तू जा आणि तूच सांग तिला. तोपर्यंत इकडे येऊ नकोस."

"रेन्स्के, मला तसं सांगायची परवानगी..."

"आई."

दिउके उठली. जिन्यात देखभालीची बाई भेटली, म्हणाली, "एवढ्यात निघालात आजी?" दिउकेनं मान हलवली आणि कोट चढवला.

बाहेर गार वारा होता. बेकरीसमोरचं घर लगेच सापडलं. शेजारपाजारच्या खिडक्यांमधून लोकांचे दिवाणखाने, कुंड्या, मांजरं सगळं दिसत होतं, या एका घराच्या खिडकीत करडा पडदा. घंटा वाजवायला तिला थोडा वेळ लागला. दार एका काटकुळ्या, फिकट मुलीनं उघडलं. रेन्स्केच्याच वयाची. अंगात नवऱ्याचा असावा असा मोठा स्वेटर.

"मी रेन्स्केची आई," दिउके म्हणाली.

"हो का? नाकावरून वाटलं नसतं," आफ्के म्हणाली आणि किंचित हसली. "या ना. बरं झालं आलात. कुणी येतच नाही हो. लोकांना वाटतं, काय बोलायचं हिच्याशी. कोट द्या इकडे. कॉफीत दूध घालू?"

"नको. काहीच नको. जरा बसा माझ्याजवळ."

आफ्के समोर बसली. दोन्ही हात तिनं स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. टेबलावर ते पत्र होतं, उघडं, घड्यांवर मळलेलं, बरेचदा वाचलेलं.

"तुम्ही तिथेच कामाला ना? रेन्स्के म्हणाली होती." तिनं पत्र दिउकेकडे सरकवलं. "मला यातलं एवढंच कळत नाही. सुइणीला विचारलं, डॉक्टरला विचारलं, कुणी सरळ सांगत नाही. मला त्याच आठवड्यात कळलं असतं तर काही करता आलं असतं का?"

"हो," दिउके म्हणाली. "आलं असतं. आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं."